लेबलावरचे वॉट आणि आतले वॉट
वाचकांचे प्रश्न : पीसीचा एसएमपीएस

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली आहेत. विषय एकच आहे : पीसी जुळवताना एसएमपीएस कोणता घ्यावा, किंवा घेतलेला त्रास का देतोय. भिंतीतली वीज पीसीला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या पॉवर सप्लायला बाजारात सगळे एसएमपीएसच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे. खान्देशात हा भाग निवडताना जास्त काटेकोर राहावं लागतं. इथे लाइनचं व्होल्टेज खालीवर होतं, मे महिन्यात खोलीच तापलेली असते आणि कापसाच्या हंगामात हवेत तंतू असतात. या तिन्हींचा पहिला मार एसएमपीएसवर बसतो. तो बिघडताना सोबत मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड घेऊन जाऊ शकतो, म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : रायझेन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० घेऊन पीसी जुळवतोय. दुकानदार दादांनी कॅबिनेटसोबत येणारा ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेल, वेगळा नको, असं सांगितलंय. त्याच्या लेबलावर लिहिलंय : ३.३ व्होल्ट २० अँपिअर, ५ व्होल्ट २२ अँपिअर, १२ व्होल्ट १६ अँपिअर, ५ व्होल्ट स्टँडबाय २ अँपिअर, उणे १२ व्होल्ट ०.३ अँपिअर. चालेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : नाही चालणार. लेबल जसंच्या तसं उतरवून पाठवलंत हे फार बरं केलं, कारण उत्तर त्यातच आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. ३.३ गुणिले २० म्हणजे ६६. ५ गुणिले २२ म्हणजे ११०. १२ गुणिले १६ म्हणजे १९२. स्टँडबायचे, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू राहणाऱ्या लाइनचे, १० आणि उणे १२ व्होल्टचे साडेतीन. सगळे मिळून ३८२ सुद्धा होत नाहीत. तेही प्रत्येक लाइन एकाच वेळी पूर्ण भरावर चालते असं धरून, आणि तसं चालवायला तो एसएमपीएस बनवलेलाच नसतो. म्हणजे ४५० हा आकडा त्या लेबलाच्या स्वतःच्या हिशेबातही बसत नाही.

पण तुमच्या पीसीसाठी बेरजेपेक्षा १२ व्होल्टची ओळ महत्त्वाची आहे. आजच्या पीसीत जवळपास सगळा भार याच लाइनवर असतो. प्रोसेसरला प्रत्यक्षात एक-सव्वा व्होल्टच लागतं, पण ते मदरबोर्डवरचं सर्किट १२ व्होल्टमधून तयार करतं. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. पेंटियम ३ च्या काळापर्यंत प्रोसेसरचा मोठा भार ५ व्होल्टवर असायचा. २००० साली पेंटियम ४ आला आणि त्याच्यासोबत मदरबोर्डवर १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी आली. कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसची रचना मात्र पुष्कळदा त्या जुन्या वळणाची असते. ३.३ आणि ५ व्होल्टवर भरपूर ताकद आणि १२ वर तोकडी, अगदी तुमच्या लेबलासारखी.

तुमचा हिशेब असा. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट. रायझेन ५ ५६०० चा टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा, ६५ वॉट असला तरी पूर्ण भरावर तो ७६ वॉटपर्यंत घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ४० ते ५० धरा. एकूण २९० ते ३०० वॉट. त्यातले २६० ते २७० एकट्या १२ व्होल्टवरून, म्हणजे सुमारे २२ अँपिअर. लेबल १६ देतंय.

शिवाय हे आकडे सरासरीचे आहेत. गेममध्ये दृश्य बदललं की कार्ड काही मिलिसेकंदांसाठी सरासरीच्या बरंच वर जातं. कार्डाच्या कंपनीने ३०६० साठी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगितला आहे तो या झटक्यांसाठी. एटीएक्स ही पीसीच्या एसएमपीएसची नियमावली, तिच्या २०२२ च्या ३.० आवृत्तीत तर १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसायची अट आहे.

तो एसएमपीएस लावलात तर पहिल्या दिवशी काही होणार नाही. विंडोज टाकाल, सिनेमे बघाल, सगळं नीट चालेल. मोठा गेम लावल्यावर १२ व्होल्टची लाइन खाली बसेल. नियमाने तिला ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४० ते १२.६० व्होल्ट. ११.४० च्या बरंच खाली गेलं की पीसी अचानक रीस्टार्ट होऊ शकतो, आणि माणूस विंडोज पुन्हा टाकत बसतो, रॅम बदलत बसतो. दुसरा त्रास दिसत नाही, तो रिपलचा. डीसी सरळ रेषेसारखा हवा, त्यावर उरलेल्या लहरींना रिपल म्हणतात. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्टपर्यंत रिपल चालतो. त्याच्या वर गेला की मदरबोर्डवरचे आणि कार्डावरचे कपॅसिटर आतून तापत राहतात आणि लवकर मरतात. हे मल्टीमीटरवर दिसत नाही, ऑसिलोस्कोप लागतो.

आणि शेवटी तो जळतो तेव्हा काय होतं हे आत कोणती संरक्षणं आहेत त्यावर ठरतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज चढलं, पडलं, करंट जास्त झाला, शॉर्ट झाला, एकूण भार ओलांडला किंवा तापमान वाढलं तर तो स्वतः बंद पडतो. स्वस्तात यातलं शॉर्टचं एक संरक्षण असलं तर असतं. भिंतीतल्या लाइनच्या बाजूचं फिल्टरही गाळलेलं असतं. कॉइलच्या जागी नुसती तार जोडलेली असते, आणि लाइनचा झटका पिणारी एमओव्ही नावाची गोल चकती बसवलेलीच नसते, तिची जागा बोर्डावर रिकामी दिसते.

तेव्हा कॅबिनेट एसएमपीएसशिवाय घ्या आणि ५५० वॉटचा वेगळा घ्या. लेबलावर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास हवेत. ४५ गुणिले १२ म्हणजे ५४०, जवळपास सगळे वॉट १२ व्होल्टवर मिळतात, ही चांगल्या आराखड्याची खूण. इनपुटला १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं हवं. जाड तारांवर १८ एडब्ल्यूजी छापलेलं असतं. हा आकडा वाढला की तार बारीक होते, २० किंवा २२ दिसलं तर ठेवून द्या. वॉरंटी पाच वर्षांची शोधा आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. पैसे कमी पडत असतील तर काचेचं कॅबिनेट आणि रंगीत दिव्यांचे पंखे सोडा. ते नंतरही घेता येतात.

प्रश्न : गावात ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवतो. आमचा सप्लाय मळ्याकडच्या डीपीवरून आहे. केळीच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १६०-१७० वर येतं. यूपीएस ६०० व्हीएचा आहे, तो टक् करून बॅटरीवर जातो, मॉनिटर चालू राहतो, पण पीसी रीस्टार्ट होतो. अर्ज अर्धवट राहतात आणि लोक खोळंबतात. यूपीएस बदलू की पीसी?
— एक केंद्रचालक, रावेर तालुका

उत्तर : आधी यूपीएसची परीक्षा घ्या, पैसे नंतर. यूपीएस आठेक तास चार्ज होऊ द्या. पीसी नीट बंद करून त्याची पिन काढा आणि त्याच जागी ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब होल्डरसकट लावा. बल्ब पेटवून यूपीएसची भिंतीतली पिन ओढा. बल्ब विझला तर बॅटरी संपली आहे. या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांतच दम तोडतात, आणि उन्हाळा त्यांनाही सोसत नाही. बल्ब जरासा मिचकावून पुढे जळत राहिला तर यूपीएस ठीक आहे आणि दोष एसएमपीएसचा आहे. तुमच्या वर्णनावरून दुसरीच शक्यता जास्त वाटते.

कारण समजून घ्या. लाइनवरून बॅटरीवर जायला अशा यूपीएसला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात पीसीला बाहेरून काहीच मिळत नसतं. एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर तो तग धरतो. एटीएक्सच्या अलीकडच्या नियमांनुसार ८० टक्के भरावर ही तग किमान १७ मिलिसेकंदांची हवी. आपल्या लाइनचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण आवर्तन गेलं तरी पीसीला कळता कामा नये. स्वस्त एसएमपीएसमध्ये हाच कपॅसिटर लहान बसवतात, कारण तो आतला महागड्या भागांपैकी एक असतो. मॉनिटरला थोडीच वीज लागते, म्हणून त्याचा छोटा कपॅसिटरही तेवढा वेळ निभावून नेतो.

त्यात तुमच्याकडचं कमी व्होल्टेज. साध्या, पीएफसी (लाइनमधून करंट एकसारखा ओढणारं सर्किट) नसलेल्या एसएमपीएसमध्ये तो कपॅसिटर लाइनच्या शिखरापर्यंत भरतो. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट, १६० चं २२६. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर चालते. म्हणजे १६० व्होल्टवर साठा निम्म्याच्याही खाली येतो, आणि त्यातलाही तळाचा भाग वापरता येत नाही. यूपीएस व्होल्टेज थोडं चढवून देत असला तरी साठा कमीच राहतो. मोटारी सुरू झाल्या की नेमकं तेव्हाच तुमचा पीसी पडतो ते यामुळे.

अॅक्टिव्ह पीएफसी असलेला एसएमपीएस लाइन १६० असो वा २३०, तो कपॅसिटर ३८० ते ४०० व्होल्टच्या आसपास भरलेला ठेवतो. साठा कमी होत नाही. तुमच्या कामाला ग्राफिक्स कार्ड नाही. असा पीसी साधारण १०० वॉटच्या आत चालतो, म्हणून मोठे वॉट नकोतच. लेबलावर खरे असलेले ४०० ते ४५० वॉट, अॅक्टिव्ह पीएफसी आणि १०० ते २४० व्होल्टचं इनपुट, एवढं बघा. या जातीच्या एसएमपीएसचं साध्या यूपीएसच्या चौकोनी लहरीशी कधी कधी जमत नाही, बॅटरीवर जाताच यूपीएस जास्त भाराची शिटी देऊन बंद पडतो. तुमचा भार कमी असल्याने ६०० व्हीएवर, म्हणजे सुमारे ३६० वॉटवर, तो धोका कमी आहे. ३०० वॉटचा गेमिंग पीसी असता तर १००० व्हीएच्या वरचा, शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्यायला सांगितलं असतं.

घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर काही इन्व्हर्टर ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतात, आणि तेवढी तग चांगला एसएमपीएसही धरत नाही.

एक इशारा, कारण मळ्याकडच्या लाइनवर हे घडतं. घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद झाले तर डीपीकडचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. अशा वेळी सिंगल फेजच्या सॉकेटवर ३०० च्या पुढे, अगदी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतं. पीसी नीट बंद करण्यात वेळ घालवू नका, मेन स्विच खाली करा.

प्रश्न : ८० प्लस गोल्ड घ्यायचा हट्ट मुलाने धरलाय. ब्राँझपेक्षा बराच महाग आहे. खरंच गरज आहे का?
— एक पालक, धुळे

उत्तर : घरच्या पीसीला नाही. ८० प्लस हे कार्यक्षमतेचं मोजमाप आहे, ब्राँझ आणि गोल्ड या त्याच्या पायऱ्या. एसएमपीएस भिंतीतून किती वीज घेतो आणि त्यातली किती पीसीला देतो, एवढंच ते सांगतं. ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझला २०, ५० आणि १०० टक्के भरावर अनुक्रमे ८२, ८५ आणि ८२ टक्के लागतात, गोल्डला ८७, ९० आणि ८७. आपल्या २३० व्होल्टवर दोन्ही थोडे जास्तच चांगले चालतात.

पैशात मोजू. पीसीला २५० वॉट लागत असतील तर ८५ टक्क्यांवर भिंतीतून २९४ वॉट जातात, ९० टक्क्यांवर २७८. फरक १६ वॉट. रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस चालवला तर ३८-३९ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला चारशे रुपयांच्या आत. रोज दोन-तीन तास गेम खेळणाऱ्या मुलासाठी ही बचत किमतीतला फरक भरून काढायला फार वर्षं घेईल.

मुलाचं म्हणणं अगदीच चूक नाही, हेही सांगायला हवं. गोल्ड मॉडेलांमध्ये आतले भाग सहसा बरे असतात आणि उष्णता कमी निघते. पण ८० प्लसच्या चाचणीत रिपल आणि संरक्षणं बघत नाहीत, आणि ती चाचणी २३ अंश तापमानाला होते. धुळ्याच्या मेमध्ये २३ अंश कुठून आणणार? म्हणून बिल्ल्याचा रंग दुय्यम. ब्राँझ घ्या, पण १२ व्होल्टचे अँपिअर, पाच वर्षांची वॉरंटी आणि ५० अंशांपर्यंत पूर्ण वॉट देण्याची हमी असलेला. स्टिकर खोटेही लावतात, तेव्हा तो मॉडेल नंबर ८० प्लसच्या अधिकृत यादीत आहे का, हे मोबाइलवर दुकानातच बघता येतं.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये दुपारी गेम लावला की अर्ध्या तासात पीसी एकदम बंद होतो. पाच-दहा मिनिटांनी आपोआप ठीक. हिवाळ्यात हा त्रास नसतो. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात आहे, समोर कूलर असतो. एसएमपीएस पाच वर्षांचा.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : थंड झाल्यावर पुन्हा चालू होतोय म्हणजे कुठलं तरी उष्णतेचं संरक्षण काम करतंय. ते कुणाचं, हे आधी ठरवा. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम लावून गेम चालवा आणि तापमानांची नोंद फाइलमध्ये जाऊ द्या. बंद पडायच्या क्षणी प्रोसेसर ९५-१०० च्या घरात असेल तर त्याचा हीटसिंक आणि पेस्ट बघा. प्रोसेसर ८० च्या खाली, कार्ड ७५ च्या खाली आणि तरीही दिवा विझावा तसा पीसी गेला, तर संशय एसएमपीएसवर.

भुसावळला उन्हाळ्यात बाहेर ४५ च्या पुढे जातं. खोलीत ४० असेल, तर बंद कप्प्यात एसएमपीएस जी हवा ओढतो ती सहज ५० च्या वर जाते. पुष्कळ एसएमपीएसचे वॉट ४० अंशांपर्यंतच खरे असतात, त्यापुढे देता येणारे वॉट उतरत जातात. ही अट लेबलावर नसते, मॉडेलच्या माहितीपत्रकात असते.

खरं नुकसान बंद पडण्याच्या आधीपासून चालू असतं. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ही त्याची झिजणारी वस्तू. आतला द्रव हळूहळू सुकतो. अंगावर लिहिलेल्या तापमानापेक्षा दर १० अंश खाली आलं की आयुष्य दुप्पट होतं, असा हिशेब यात धरतात. १०५ अंश आणि २००० तास लिहिलेला कपॅसिटर ९५ ला ४००० तास, ८५ ला ८०००, ७५ ला १६,००० तास. तोच कपॅसिटर ८५ अंशांच्या जातीचा असेल तर ७५ ला ४००० तासांत संपतो. किमतीतला फरक इथे जातो, आणि बाहेरून तो दिसत नाही. म्हणून माहितीपत्रकात १०५ अंशांचे जपानी कपॅसिटर लिहिलेत का ते बघावं.

आता काय करायचं. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढा. मागे आणि वर वीतभर मोकळी जागा ठेवा. एसएमपीएस खाली बसत असेल तर त्याचा पंखा खालच्या बाजूला आणि त्याखाली जाळी हवी. कॅबिनेटला पायच नसतील किंवा ते गालिच्यावर असेल तर पंखा वर करा. कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवू नका. गारवा वाटतो, पण त्या हवेत ओल आणि पाण्यातले क्षार असतात, ते धुळीवर बसून बोर्डावर पातळ थर धरतात, आणि असा ओलसर थर वीज वाहून नेतो. कूलर खोलीत चालू दे, तोंड दुसरीकडे.

धूळ हा आपल्याकडचा वेगळाच विषय आहे. साधी माती पंख्याच्या पात्यांवर बसते, पण सरकीचे आणि कापसाचे तंतू जाळीत गुंततात आणि नमद्यासारखा पापुद्रा तयार होतो. जिनिंगच्या जवळ राहत असाल तर वेचणी सुरू झाल्यापासून दर महिन्याला जाळी काढून धुवा, वाळवून लावा. एसएमपीएस न उघडता मागच्या बाजूने ब्लोअर मारा, आणि पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा. ब्लोअरने पंखा भरधाव फिरला की त्याचं बेअरिंग खराब होतं. मागे रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या नसतील तर त्या बसवा. त्या फटीतून पाल आत जाते, ऊब असते म्हणून एसएमपीएसमध्ये शिरते आणि ३०० व्होल्टवर शॉर्ट करते.

पाच वर्षं असा तापलेला एसएमपीएस जागा बदलूनही बंद पडत राहिला तर तो बदलाच.

प्रश्न : कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. नवीन एसएमपीएस टाकला तरी तेच. एसएमपीएस शॉर्ट आहे का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : एसएमपीएस बहुतेक निर्दोष आहे, घराला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या इनपुटला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. सर्किटमधला गोंगाट त्यांनी अर्थमध्ये सोडायचा असतो. अर्थच तुटलेली असेल तर पत्रा या दोघांच्या मधोमध लटकतो आणि त्यावर लाइनच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असल्याने झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या खरंच शॉर्ट झाला तर तो करंट वाहून न्यायला वाटच नाही, आणि वाट तुमच्या हातातून जाईल. शिवाय यूएसबी किंवा एचडीएमआयची तार टीव्हीला जोडताना हाच व्होल्टेज पोर्टमधून जाऊन पोर्ट उडवतो.

वायरमनकडून मल्टीमीटरवर तीन मापं घ्या : फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच कमी आलं तर अर्थची तार कुठेतरी सुटली आहे किंवा खड्डा सुकला आहे. कोळसा आणि मिठाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावं लागतं, नंदुरबारच्या मुरमाड जमिनीत तर नक्कीच. अर्थ म्हणून न्यूट्रलची तारच तिसऱ्या पिनला जोडून देणारे भेटतात. ते करू देऊ नका. न्यूट्रल सुटला की अख्ख्या कॅबिनेटवर २३० येतात.

प्रश्न : ओळखीच्या ऑफिसातून जुना मॉड्युलर एसएमपीएस स्वस्तात मिळतोय, ६५० वॉट, केबल मात्र नाहीत. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीच्या केबल पडून आहेत. वापरू का? आणि एसएमपीएस ठीक आहे हे कसं तपासू?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : त्या केबल अजिबात लावू नका. मॉड्युलर म्हणजे केबल सुट्या काढता येणारा एसएमपीएस. पीसीच्या बाजूची टोकं सगळीकडे सारखी असतात, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही तो बदलतो. प्लग नीट बसतो, म्हणून माणूस फसतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी त्याच क्षणी जातात, आणि सोबत आतली माहिती. त्याच मॉडेलच्या मूळ केबल मिळाल्या तरच पुढे जा.

तपासणी अशी. मागे ११५ आणि २३० चं लाल बटण असेल तर ते २३० वर आहे याची खात्री करा. ११५ वर ठेवून आपल्या लाइनला जोडला तर आतले कपॅसिटर फुटतात. पीसीला न जोडता २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी तार बाजूच्या काळ्या तारेशी छोट्या वायरने जोडा. केबल सगळ्या काळ्या असतील तर खटक्याची बाजू वर धरून त्या रांगेत डावीकडून चौथी आणि पाचवी पीन. मगच भिंतीचं बटण दाबा. पंखा फिरेल. काही मॉडेलांत कमी भरावर पंखा थांबलेलाच असतो, त्यावरून घाबरू नका. आता मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर : पिवळी ११.४० ते १२.६०, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७, जांभळी पाचच्या आसपास. करडी तार पॉवर गुडची, म्हणजे सगळे व्होल्टेज ठीक असल्याच्या इशाऱ्याची, तिच्यावर चालू झाल्यावर अर्ध्या सेकंदात ५ व्होल्ट यायला हवेत. मदरबोर्ड याच तारेची वाट बघत असतो.

एवढ्याने तो चालू होतो इतकंच कळतं. भरावर टिकतो का हे कळायला पीसीत लावून गेम किंवा एखादी भार देणारी चाचणी अर्धा तास चालवा आणि तेव्हा ग्राफिक्स कार्डाच्या प्लगमागून पिवळ्या तारेवर मोजा. रिकामा असताना १२.१ आणि भरावर ११.५ दिसत असेल तर नियमात बसतो, पण घेऊ नका. चांगला एसएमपीएस भरावर एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा फार खाली येत नाही. तयार झाल्याची तारीख लेबलावर किंवा सिरियल नंबरात असते. सात-आठ वर्षं उलटली असतील तर स्वस्त असला तरी सोडा.

आत बघायची उत्सुकता झाली तरी उघडू नका. मोठ्या कपॅसिटरवर पिन काढल्यानंतरही ३०० ते ४०० व्होल्ट राहू शकतात. फुगलेले कपॅसिटर बघायचेच असतील तर पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारा.

प्रश्न : कार्डाला ८ पिनांचा प्लग लागतो, एसएमपीएसला तो नाही. सॅटाच्या दोन प्लगांवरून ८ पिन करणारा अॅडाप्टर मिळाला आहे. चालेल?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : नको. ८ पिनांच्या प्लगमधून १५० वॉट न्यायची मुभा असते, ६ पिनांच्या ७५. सॅटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॉट. दोन मिळून १०८. कार्डाने १५० मागितले की सॅटाचा प्लग वितळायला लागतो. साच्यात ओतलेले प्लग तर आतून जळत असताना बाहेरून दिसतही नाहीत. ज्या एसएमपीएसला ८ पिनांचा प्लगच दिलेला नाही, तो त्या कार्डासाठी बनवलेला नाही असं समजा. अॅडाप्टर परत करा आणि ६ अधिक २ पिनांची केबल मुळातच असलेला एसएमपीएस घ्या. पुढे कधी दोन ८ पिनांचं कार्ड घेतलंत तर एकाच केबलची दोन टोकं लावण्याऐवजी एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल ओढा.